सहाशे मीटर

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक जुना व्हिडिओ फिरून येतो. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. १९६०च्या दशकातली एक अमेरिकन शाळा, मैदानभर उघड्या अंगाची, हाफ पँटमधली मुलं, त्यांचे पुल-अप्स, दोरावर सरसर चढणं, हातांवर चालणं. पोरं सोळा-सतरा वर्षांची, पण अंगकाठी आखाड्यातल्यासारखी. खाली काकांची ओळ ठरलेली असते: 'आणि आजची पिढी बघा, मोबाईलमध्ये मान घालून बसलेली.' मग त्यावर अंगठे येतात. अंगठे देणारे सगळे सोफ्यावर बसलेले असतात, हे मी ग्रुपवर लिहीत नाही.

तो व्हिडिओ पाहिला की माझ्या पोटात मात्र गोळा येतो.

आमच्या शाळेत पी.टी.चा तास आठवड्यातून दोनदा असायचा. त्यातला एक गणिताच्या बाई हक्कानं मागून घ्यायच्या. दुसऱ्या तासाला मुलं क्रिकेट खेळायची आणि मुली कडुनिंबाखाली बसायच्या. वर्षातून एकदा मात्र पी.टी.चे सर शिट्टी, स्टॉपवॉच आणि वही घेऊन उभे राहायचे. पन्नास मीटर धावणं, लांब उडी, आणि शेवटी मैदानाच्या तीन फेऱ्या, म्हणजे सहाशे मीटर. आठवीत मी तिसऱ्या फेरीत होते तेव्हा बाकीचा वर्ग पाणी पिऊन परतही आला होता. सर म्हणाले, "थांबा, हिचं झालं की वर्गात जाऊ." ते रागावले नाहीत, हसले नाहीत. पण पन्नास जण माझं धावणं संपायची वाट बघत उभे होते. नववीपासून त्या ठरावीक दिवशी माझं पोट दुखायला लागलं. मुलींच्या पोटदुखीबद्दल सर पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे मला तोवर कळलं होतं. त्यानंतर चौदा वर्षं मी बस पकडायलासुद्धा धावले नाही.

गेल्या वर्षी पाठ धरली. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यांची धरते तशीच. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला सतरंजीवर उताणं झोपवलं आणि गुडघे ताठ ठेवून दोन्ही पाय वीतभर उचलून दहा सेकंद धरायला सांगितलं. माझे पाय सहाव्या सेकंदाला खाली आले. मग पालथं झोपून छाती उचलायची, मग उभं राहून गुडघे न वाकवता जमिनीला बोटं टेकवायची. मॅडमच्या हातात वही नव्हती. "बरं, म्हणजे इथून सुरुवात करायची," एवढंच त्या म्हणाल्या. निघताना सहज सांगितलं, की या चाचण्या फार जुन्या आहेत, 'क्राउस-वेबर' म्हणतात यांना. बग कुठून आला हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. घरी येऊन वाचायला बसले, आणि वाचता वाचता माझ्या सहाशे मीटरपर्यंत पोचले.

हान्स क्राउस हा ऑस्ट्रियन वळणाचा डॉक्टर. जन्म १९०५चा, त्रिएस्तचा. नाझींच्या काळात अमेरिकेत आला. हाडामांसाचा डॉक्टर आणि अट्टल गिर्यारोहक. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तो आणि डॉ. सोन्या वेबर पाठदुखीच्या रुग्णांना तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेकांच्या मणक्यात काहीच बिघाड नाही. स्नायू एक तर कमकुवत आहेत किंवा आखडलेले आहेत, एवढंच. तेव्हा रोजचं जगणं पाठ न दुखता पार पाडायला कमीत कमी किती ताकद आणि लवचीकता लागते, हे ओळखण्यासाठी त्यांनी सहा साध्या हालचाली ठरवल्या. दोन प्रकारे उठून बसणं, पाय उचलणं, पालथं झोपून धड उचलणं, तसंच पाय उचलणं, आणि वाकून जमीन गाठणं. सहापैकी एक जरी जमली नाही, तरी नापास. इथे पहिला नंबर नाही आणि शेवटचाही नाही. पाणी उकळलंय की नाही, असं विचारावं तसं हे आहे. उत्तर हो किंवा नाही.

क्राउसच्या गिर्यारोहक मित्रमंडळींत बॉनी प्रूडन नावाची एक बाई होती. ती न्यूयॉर्कजवळच्या उपनगरात लहान मुलांचे व्यायामवर्ग चालवायची. तिनं या सहा चाचण्या आपल्या वर्गातल्या मुलांना करायला लावल्या. वर्गात नवी आलेली मुलं धडाधड नापास होऊ लागली. मग दोघांनी मिळून अमेरिकेतली हजारो शाळकरी मुलं तपासली आणि तुलनेसाठी इटली, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधली. १९५३-५४मध्ये निष्कर्ष छापून आले: अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं नापास, युरोपातली ८.७ टक्के. युद्ध जिंकलेल्या देशाची मुलं युद्धानं पिळून निघालेल्या देशांच्या मुलांपुढे वाकूही शकत नव्हती. 'वाकू शकत नव्हती' हे अगदी शब्दशः, कारण अमेरिकेतली सर्वांत जास्त मुलं जमिनीला बोटं टेकवण्यातच अडकली होती. यावरून तेव्हाही टीका झाली. नुसत्या आखडलेल्या मांड्यांवरून राष्ट्र दुर्बल कसं ठरवता, असं शारीरिक शिक्षणातले लोक विचारत होते. क्राउसचं म्हणणं सरळ होतं: मोटारी, स्कूलबस, लिफ्ट. युरोपातली मुलं अजून चालतात.

जुलै १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्राउस-प्रूडन आणि नामवंत खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं. आयझेनहॉवर निवृत्त सेनापती. कोरियाचं युद्ध नुकतंच थांबलेलं, शीतयुद्ध चालू. आकडे ऐकून ते हादरले. सप्टेंबरमध्ये त्यांनाच हृदयविकाराचा झटका आला आणि तंदुरुस्तीची ठरलेली परिषद पुढे ढकलावी लागली. अखेर जुलै १९५६मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्राध्यक्षांची परिषद स्थापन झाली.

इथवर ठीक होतं. डॉक्टरनं आजार दाखवला, सरकारनं दखल घेतली. पण सहा हालचालींची ती चाचणी शाळांच्या जिम्नॅशियममध्ये काही गेली नाही. शारीरिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९५७-५८मध्ये नवी चाचणी बनवली. मिशिगन विद्यापीठाच्या पॉल हनसिकर यांच्या देखरेखीखाली देशभरातल्या पाचवी ते बारावीच्या सुमारे साडेआठ हजार मुलांवर ती घेतली गेली. पुल-अप्स, सिट-अप्स, उभ्यानं लांब उडी, शटल रन, पन्नास यार्ड धावणं, सॉफ्टबॉल जास्तीत जास्त लांब फेकणं, आणि सहाशे यार्ड धावणं. सॉफ्टबॉल फेकण्याचं नातं अनेकांनी हातबाँब फेकण्याशी जोडलं आहे, आणि तो काळ पाहता ते खोटं वाटत नाही. मुलींसाठी पुल-अप्स सोपे केले. १९६५च्या आवृत्तीत तर हनुवटी दांड्याच्या वर ठेवून नुसतं लोंबकळत राहायचं आणि सेकंद मोजायचे. मुलींना स्वतःला वर ओढता येणार नाही, हे असं कागदोपत्री ठरून गेलं.

माझ्या मते खरा फरक यादीत नव्हता, निकालात होता. क्राउस विचारत होता: तुला पुरेसं जमतं का? नवी चाचणी विचारू लागली: शंभर मुलांत तू कितवा? साडेआठ हजार मुलांच्या आकड्यांवरून पर्सेंटाइलचे तक्ते तयार झाले आणि शाळांना वाटले गेले. आमच्या क्षेत्रात हा फरक रोज भेटतो. सर्व्हर दोनशे मिलिसेकंदांत उत्तर देतो का, हा एक प्रश्न. तो बाकी सर्व्हरांपेक्षा वेगवान आहे का, हा अगदीच वेगळा. पहिल्या प्रश्नाला सगळे सर्व्हर पास होऊ शकतात. दुसऱ्यात निम्मे कायम निम्म्याखाली राहणार, तुम्ही कितीही हार्डवेअर ओता.

मग आले केनेडी. निवडून आल्यावर, शपथ घेण्याआधीच, डिसेंबर १९६०मध्ये त्यांनी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकात मऊ पडलेल्या अमेरिकन माणसावर लेख लिहिला आणि त्यात क्राउस-वेबरचेच आकडे पुन्हा मांडले. तंदुरुस्ती हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न झाला. शाळांना 'चिकन फॅट' नावाच्या गाण्याच्या तबकड्या गेल्या. संगीतकार मेरेडिथ विल्सन, गायक रॉबर्ट प्रेस्टन. त्या तालावर मुलांनी हातपाय हलवायचे. १९६३च्या फेब्रुवारीत पन्नास मैल चालण्याची लाट आली. अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी ऑफिसच्या बुटांतच बर्फातून पन्नास मैल चालले.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट लोकांना ठाऊक नव्हती. केनेडींची स्वतःची पाठ मोडकळीला आलेली होती. कुबड्या, पट्टा, इंजेक्शनं. ऑक्टोबर १९६१मध्ये व्हाइट हाउसनं एका डॉक्टरला गुपचूप बोलावलं. तो हान्स क्राउसच. त्यानं सैलावण्याचे, ताणण्याचे आणि बळ आणण्याचे सोपे व्यायाम आठवड्यातून अनेकदा करून घेतले. काही महिन्यांत केनेडींच्या हालचाली सुधारल्या. म्हणजे ज्यांच्या नावानं देशभरच्या पोरांना स्टॉपवॉच लावलं जात होतं, ते स्वतः बंद दाराआड, कुणाशीही तुलना न होता, आपल्याला जमेल तिथून सुरुवात करत होते. मला केनेडींचा राग येत नाही. त्यांना चांगला डॉक्टर मिळाला, एवढंच.

१९६६मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात बिल्ला आला: राष्ट्राध्यक्षांचा तंदुरुस्ती पुरस्कार. अट काय, तर सातही प्रकारांत आपल्या वयोगटाच्या पंच्याऐंशीव्या पर्सेंटाइलच्या वर. मी कागदावर आकडेमोड केली. हे सात प्रकार एकमेकांपासून अगदी स्वतंत्र मानले, तर हा बिल्ला मिळण्याची शक्यता दहा लाखांत दोघांना येते. प्रत्यक्षात ते स्वतंत्र नसतात. जो चांगला धावतो तो बहुधा उडीही चांगली मारतो, म्हणून मुलांना बिल्ले मिळत होते. तरीही, बिल्ला ज्यांना मिळणार ती मुलं चाचणी घेण्याआधीच सगळ्यांना माहीत असत, आणि ती आधीपासूनच मैदानावर असत. उरलेल्यांसाठी दरवर्षी तोच निकाल, वर्गासमोर, आकड्यात. १९८७मध्ये पन्नासाव्या पर्सेंटाइलसाठी आणखी एक बिल्ला काढला, तेव्हा कुठे मधल्या मुलांकडे लक्ष गेलं. त्या पिढीतले अमेरिकन आज पन्नाशी-साठीचे आहेत. ते लोंबकळण्याच्या त्या दांड्याबद्दल लिहितात तेव्हा मला आमच्या मैदानाची तिसरी फेरी आठवते.

मग मुलं सुधारली का? १९५८ ते १९६५ या काळात खरोखर सुधारली. दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत जवळजवळ सगळे आकडे वर गेले. १९७५च्या तिसऱ्या पाहणीत रेघ सपाट. मधल्या काळात बिल्ला आला, म्हणून बिल्ल्यामुळे थांबली, असं मी म्हणणार नाही. टीव्ही होता, मोटारी वाढत होत्या, आणि पहिल्या उत्साहाला ओहोटी लागतेच. पण बिल्ल्यानं रेघ वर नेली नाही, एवढं दिसतं.

सर्वांत विचित्र भाग पुढचा आहे. १९८५च्या पाहणीवरून तक्ते नव्यानं केले गेले, आणि चाचणी बंद होईपर्यंत तेच वापरात राहिले. मी आठवीत मैदानाला फेऱ्या मारत होते, साधारण त्याच वेळी अमेरिकेतली तेरा वर्षांची मुलं पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुलांशी शर्यत लावत होती. म्हणजे जवळपास आपल्याच आईबाबांशी.

१९९१मध्ये व्हाइटहेड आणि कॉर्बिन या दोन संशोधकांनी एक छोटा, थोडासा क्रूर प्रयोग केला. सातवी-आठवीच्या मुलांकडून चपळाईची एक चाचणी करून घेतली आणि निकाल खोटे सांगितले. काहींना सांगितलं, तुम्ही वरच्या पर्सेंटाइलमध्ये आहात. काहींना सांगितलं, तुम्ही तळाला आहात. मुलं खरी कशी धावली याचा निकालाशी संबंधच नव्हता. ज्यांना 'वर आहात' सांगितलं त्यांना ती गोष्ट जास्त आवडू लागली, ज्यांना 'खाली आहात' सांगितलं त्यांची आवड कमी झाली. शरीर तेच, मैदान तेच. फक्त एक आकडा. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. सरांनी तर मला खोटा आकडाही दिला नव्हता. माझा खरा होता.

आता काकांच्या व्हिडिओकडे परत येते, कारण तो शोधताना माझा एक समज मोडला. ती शाळा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कारमायकलची ला सिएरा हायस्कूल. तिथले शारीरिक शिक्षक स्टॅन लेप्रोटी. त्यांची पद्धत केनेडींच्या काळात देशभर नमुना म्हणून दाखवली गेली. मला वाटलं होतं, हाच तो पर्सेंटाइलचा कारखाना असणार. तसं नव्हतं. तिथे चड्डीचा रंग ठरलेला असे. सुरुवात पांढऱ्यानं, मग लाल, निळा, जांभळा, आणि अगदी थोड्यांना सोनेरी. प्रत्येक रंगासाठी काय काय जमायला हवं, याची यादी आधीच जाहीर. ती जमली की रंग तुमचा. मग वर्गातले चाळीसच्या चाळीस जण लाल झाले तरी हरकत नाही. माझ्या पुढे कुणी गेला म्हणून माझी पायरी खाली सरकत नाही. शिवाय मोजमाप वर्षातून एकदा नाही. रोज तास, रोज सराव. आमच्याकडे वर्षभर कडुनिंब आणि एक दिवस स्टॉपवॉच. शिकवलंच नाही त्याची परीक्षा.

तरी मी काकांच्या बाजूनं पूर्ण जात नाही. रंग अंगावर घालून हिंडायचा आहे. चार वर्षं पांढऱ्या चड्डीत काढलेल्या मुलाची गोष्ट मला कुठे सापडली नाही. २०१७मध्ये या शाळेवर 'द मोटिव्हेशन फॅक्टर' नावाचा माहितीपट आला आणि ती पुन्हा चर्चेत आली. पण असल्या आठवणी सहसा जांभळे आणि सोनेरीच सांगतात. आणि जिच्यावरून आजच्या पिढीला, म्हणजे मुलींनाही, बोल लावले जातात ती चड्डीच्या रंगांची व्यवस्था मुळात मुलांची होती. शाळा १९८३मध्ये बंद झाली.

अमेरिकेनं २०१२-१३नंतर ती राष्ट्रीय चाचणी थांबवली. तिच्या जागी 'फिटनेसग्राम' आली. एरोबिक्सवाल्या केनेथ कूपर यांच्या संस्थेनं ती १९८२मध्ये सुरू केली होती. तिच्यात 'हेल्दी फिटनेस झोन' असतो: या वयाला, आरोग्याला इतकं पुरे. साठ वर्षांनी गाडी क्राउसच्या प्रश्नाकडे परत आली. पण फार काळ थांबली नाही. ३१ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षांची जुनी चाचणी पुन्हा आणण्याच्या आदेशावर सही केली. बातमी वाचून मला त्या दांड्याला लोंबकळलेल्या बायका आठवल्या. आता त्यांची नातवंडं लोंबकळणार.

आपल्याकडे हे सगळं कधी आणि कसं आलं? १९५९-६०मध्ये केंद्र सरकारनं 'नॅशनल फिजिकल एफिशियन्सी ड्राइव्ह' सुरू केली होती, म्हणजे लाट इथेही त्याच सुमारास पोचली. पण मला पुरावा घरातच सापडला. गेल्या दिवाळीत आत्याकडे माळा साफ करताना आतेबहिणीचं बारावीचं सीबीएसईचं फिजिकल एज्युकेशनचं पुस्तक निघालं. धूळ झटकून उघडलं, तर 'क्राउस-वेबर टेस्ट'. सहाही हालचाली, आकृत्यांसकट, समासात तिच्या अक्षरात '५ मार्क, इम्पॉर्टंट'. पुढच्या पानावर मिशिगनवाली चाचणी. तिच्या पुढच्या वर्षांच्या अभ्यासक्रमात ही नावं गेली, पण आता मुलं जी चाचणी शिकतात तिच्यात पन्नास मीटर आणि सहाशे मीटर आहेतच. यार्डाचे मीटर झाले आणि माझ्या मैदानावर आले.

मी तिला विचारलं, "तू हे कधी करून बघितलंस का गं?"

"करून कशाला?" ती म्हणाली. "लिहायचं असतं. पाचपैकी पाच मिळाले होते मला."

तीही आता दिवसभर लॅपटॉपवर असते. मी तिला हॉलमधलं टीपॉय बाजूला सारायला लावलं, चादर अंथरली. पुस्तक उघडं ठेवून आम्ही एकेक करत गेलो. पहिल्या दोन तिला जमल्या. तिसऱ्याला, पाय उचलून धरण्यात, मी या वेळी दहापर्यंत पोचले आणि ओरडले. ती आठला हसत पडली. शेवटची उभ्यानं वाकण्याची. दोघींची बोटं फरशीपासून चारेक बोटं वर लोंबत राहिली आणि आम्ही तशाच वाकलेल्या एकमेकींकडे तिरक्या बघत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या आली.

"काय पडलंय गं खाली?" तिनं विचारलं, आणि चकलीचं ताट हातात घेऊनच शोधायला लागली.